आईच्या गुडघ्यांचे पॉइंट

क्रेडिट कार्डाच्या नादी लागलेल्या माणसाला दोन तारखा पाठ असतात: स्वतःच्या वाढदिवसाची आणि बिल तयार होण्याची. माझ्या कार्डाचं बिल १८ तारखेला तयार होतं. म्हणजे १९ किंवा २० तारखेला केलेला खर्च थेट पुढच्या महिन्याच्या १८ला बिलात दिसतो, आणि ते बिल भरायला त्यापुढे आणखी अठरा-वीस दिवस मिळतात. सगळं धरून जवळजवळ पन्नास दिवस बँकेचे पैसे बिनव्याजी वापरायला मिळाले. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, १० तारीख चालेल की १५? मी म्हटलं, १५. डिस्चार्ज पाच दिवसांनी, म्हणजे २०ला. आईला वाटलं, पोराने कधी नाही ते पंचांग पाहिलं.

ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन करायचं होतं तिथे आमच्या इन्शुरन्सची कॅशलेस सोय नव्हती. आधी भरा, मग मागा. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर ४,२०,००० रुपये भरायचे होते. मी कार्ड पुढे केलं. बाबा मागे उभे होते, हातात प्लास्टिकची फाइल. त्या फाइलीत त्यांनी एफडी मोडण्याचा अर्ज भरून, सही करून ठेवला होता, हे मला नंतर कळलं. क्लेम आला नाही आणि व्याजाची वेळ आलीच तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बँकेत जायचं, असं त्यांचं ठरलं होतं. मला काही बोलले नाहीत. ३४ वर्षं बँकेत काढलेला माणूस, काउंटरच्या अलीकडे उभा राहून काय बोलणार?

क्लेमचे ३,८६,००० अडतिसाव्या दिवशी आले. उरलेले हातमोजे, पट्ट्या अन् कुठल्या कुठल्या ‘नॉन-मेडिकल’ खर्चात कापले गेले. मी कार्डाचं बिल मुदतीच्या आत पूर्ण भरलं. आणि मग एक ईमेल आला: तुम्ही या वर्षी ६ लाखांचा टप्पा ओलांडला, तुम्हाला हॉटेलात एक रात्र मोफत. मेल आला तेव्हा आई समोरच्या खोलीत फिजिओथेरपिस्टच्या तालावर पाय वाकवत होती आणि दर वेळी ‘आई गं’ म्हणत होती.

इथे थोडी तांत्रिक माहिती देणं भाग आहे, नाहीतर तुम्हाला वाटेल मी लॉटरीबद्दल बोलतोय.

आपल्याकडे विमान कंपन्यांची, पेट्रोलची, शॉपिंग साइटची को-ब्रँडेड कार्डं बरीच वर्षं आहेत. हॉटेल साखळीचं पहिलं कार्ड मात्र ऑगस्ट २०२३ मध्ये आलं: मॅरिअट बॉनवॉय आणि एचडीएफसी बँक यांचं. वार्षिक फी ३,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ३,५४०. घेतल्यावर एक रात्र मोफत, १५,००० पॉइंटांपर्यंतच्या हॉटेलात. दर वर्षी नूतनीकरणावर एक रात्र. वर्षात ६ लाख खर्च झाला तर आणखी एक. बाकी पॉइंटांचा हिशोब दर १५० रुपयांना: मॅरिअटच्याच हॉटेलांत ८ पॉइंट, प्रवास, बाहेरचं खाणं आणि मनोरंजन यांवर ४, उरलेल्या बहुतेक खर्चावर २. हॉस्पिटल ‘उरलेल्या’त येतं. ४,२०,००० ला १५० ने भागा, दोनाने गुणा: ५,६०० पॉइंट. आईच्या एका गुडघ्याचे २,८००.

मिहानमध्ये काम करणाऱ्या आमच्या पिढीत हा खेळ चांगलाच चालतो. टीम धरमपेठेत जेवायला गेली की बिल येताच तीन-चार कार्डं तलवारीसारखी बाहेर निघतात. बिल मी भरणार, बाकीचे मला यूपीआय करणार. बारा जणांचं ९,००० चं बिल म्हणजे २४० पॉइंट, आणि वरून उदार माणूस म्हणून नाव. कोणाचं लग्न ठरलं की आम्ही अभिनंदनाआधी विचारतो, हॉलचं बुकिंग कार्डावर होतंय का?

याला फुकट म्हणायची पद्धत आहे. बाबांना तो शब्द मान्य नव्हता.

‘फुकट कसं?’ ते म्हणाले. ‘त्या खोलीत एसी चालणार, चादरी धुतल्या जाणार, सकाळी नाश्ता होणार. पैसे कोणीतरी भरूनच राहिला ना. कोण?’

मी म्हटलं, बँक भरते. त्यावर ते फक्त हसले. बँक स्वतःच्या खिशातून काही देते, हे ज्याला खरं वाटतं त्याने बँकेत नोकरी केलेली नसते.

आमच्या घरात सुट्टी म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय त्यांचा प्रश्न कळणार नाही. बँकवाल्यांना एलएफसी असायची, लीव्ह फेअर कन्सेशन. प्रवासाचं भाडं बँक देणार, राहायचं तुम्ही बघा. राहायला हॉलिडे होम: बँकेने कर्मचाऱ्यांसाठी ठेवलेल्या खोल्या, नाममात्र भाडं, अर्ज दोन महिने आधी, नंबर लागला तर लागला. आम्ही दोनदा पचमढीला गेलो. पिपरियापर्यंत रेल्वे, पुढे जीप. खोलीत गॅस आणि चार भांडी असायची. आई कणीक, तिखट-मीठ, डाळ घरून बांधून न्यायची. सुट्टीतही ती स्वयंपाक करायचीच, फक्त ओटा बदलायचा. त्यानंतर एलएफसीवर आम्ही कुठेच गेलो नाही, कारण ती एनकॅश करता यायची आणि माझं इंजिनिअरिंग सुरू झालं होतं. माझ्या दोन सेमिस्टरच्या फीमध्ये आमच्या घरच्या न झालेल्या सहली आहेत. हे मला डिग्री हातात आल्यावर बाबांच्या जुन्या पासबुकातून कळलं, त्यांनी सांगितलं नाही.

तर मोफत रात्र आली होती, तिची मुदत होती, आणि आईला लांबचा प्रवास चालणार नव्हता. गोवा बाद. महाबळेश्वर तर नागपूरहून म्हणजे परदेशच. मग मी ॲपवर नागपूरच टाकलं. वर्धा रोडवर शहराबाहेर ल मेरिडियन आहे, तेही मॅरिअटच्याच घराण्यातलं. त्या शनिवारी खोलीचा दर करांसकट साधारण ९,००० दाखवत होता आणि मोफत रात्र लागू होत होती.

‘आपल्याच गावात हॉटेलात राहायचं?’ आई म्हणाली. ‘घरी पाणी नाही आलं का?’

तिला पटवायला आठवडा लागला. शेवटी ती तयार झाली ती वेगळ्याच मुद्द्यावर. ऑपरेशननंतर चार महिने ती प्रतापनगरच्या आमच्या फ्लॅटमधून फक्त दवाखान्यात गेली होती. मी म्हटलं, सपाट, लांबलचक कॉरिडॉर आहे, लिफ्ट आहे, तू वॉकरशिवाय चालून बघ. ती चाललीही. संध्याकाळी जाड गालिच्यावर, एका हाताने भिंतीला धरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाबा मागून दोन पावलांवर. तिसऱ्या फेरीला तिने भिंत सोडली. मी मोबाइल काढला तर म्हणाली, ठेव तो.

सकाळी नाश्त्याला बाबांनी साठ पदार्थांतून पोहे घेतले. मग वाढणाऱ्या पोराला विचारलं, तर्री नाही का? तो हसला, हिंगणघाटचा निघाला. आतून त्याने कसला तरी लाल रस्सा वाटीत आणून दिला. बाबा त्याच्याशी वीस मिनिटं हिंगणघाटच्या सुतगिरणीबद्दल बोलले. आईने मात्र काहीच केलं नाही. दुसरा चहा मागवला आणि तो थंड होईस्तोवर खिडकीबाहेर पाहत बसली. माझ्या आयुष्यात मी तिला सकाळी साडेनऊला नुसतं बसलेलं पहिल्यांदा पाहिलं. या एका कारणासाठी मी पॉइंटांच्या खेळाची टिंगल करणाऱ्यांशी भांडायला तयार आहे.

पण बाबांचा प्रश्न तसाच होता. परतताना गाडीत मी त्यांना उत्तर द्यायला सुरुवात केली आणि पुढचे काही दिवस देतच राहिलो.

पहिला वाटा दुकानदाराचा. तुम्ही कार्ड घासता तेव्हा दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही, साधारण दीड-दोन टक्के कापले जातात. त्यातला मोठा भाग कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो आणि त्यातून ती मॅरिअटकडून पॉइंट विकत घेते. हो, विकत. पॉइंट हा हॉटेलवाल्यांचा माल आहे. मे २०२०, सगळी हॉटेलं रिकामी, तेव्हा मॅरिअटने अमेरिकेतल्या आपल्या दोन कार्ड-भागीदारांशी, जेपी मॉर्गन चेस आणि अमेरिकन एक्स्प्रेसशी, करार बदलून ९२ कोटी डॉलर उभे केले. एका रात्रीचंही बुकिंग नसताना. त्याच वर्षी युनायटेड एअरलाइन्सने आपला मायलेजप्लस कार्यक्रम तारण ठेवून अब्जावधी डॉलरचं कर्ज घेतलं. हे ऐकून बाबांनी मला गाडी बाजूला घ्यायला लावली. ‘पॉइंट तारण?’ सोनं, शेती, एनएससी, एलआयसीची पॉलिसी, सगळं तारण त्यांनी पाहिलं होतं.

दुकानदार हे दोन टक्के कुठून आणतो? किमतीतूनच. जो रोख देतो तोही तीच किंमत मोजतो. यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून ही कपात शून्य आहे, त्यामुळे खामल्याच्या भाजीवालीला स्कॅनर परवडतो आणि मला तिच्याकडून पॉइंट मिळत नाहीत. बरोबरच आहे. मधल्या दुकानदारांचं दुखणं वेगळं. आमचा किराणावाला कार्ड पाहिलं की म्हणतो, दोन टक्के वर लागतील भाऊ. माझे पॉइंट त्याने आधीच ओळखलेले असतात.

पण नुसत्या दोन टक्क्यांवर मोफत रात्री परवडणार नाहीत. दुसरा वाटा व्याजाचा, आणि तो जास्त जड आहे. आपल्याकडे बहुतेक कार्डांवर थकबाकीला महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के लागतात, वर्षाचे ४२ ते ४५. त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं की वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २० डिसेंबर २०२४ला न्यायालयाने तो आदेश रद्द केला: दर ठरवणं आयोगाचं काम नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेलही. बाबांनी निकालाची बातमी दोनदा वाचली आणि म्हणाले, ‘सावकारी कायद्यात असता तर आत गेला असता.’

आता माझा स्वतःचा हिशोब. ६ लाखांच्या खर्चावर, सगळा दोन पॉइंटवालाच धरला तरी, ८,००० पॉइंट. ९,००० च्या खोलीला १५,००० पॉइंट या हिशोबाने एक पॉइंट ६० पैशांचा, म्हणजे ४,८०० रुपये. वर मोफत रात्रीचे ९,०००. त्यातून फीचे ३,५४० वजा. हाती १०,२६०. सहा लाखांवर जेमतेम पावणेदोन टक्के. आणि क्लेम अडकला असता, मी ४,२०,००० एक महिना फिरवले असते, तर साडेतीन टक्क्यांनी १४,७०० व्याज आणि २,६४६ जीएसटी. १७,३४६. वर्षभराची सगळी कमाई एका महिन्यात जाऊन वरून सात हजार खिशातले. बाबांच्या फाइलीतल्या अर्जाची किंमत मला हा आकडा लिहिताना कळली.

कार्ड कंपन्यांच्या भाषेत ग्राहक दोन जातींचे. पूर्ण बिल भरणारे ‘ट्रान्झॅक्टर’ आणि थकबाकी फिरवणारे ‘रिव्हॉल्व्हर’. अमेरिकेत या धंद्यातले लोक आपापसांत पूर्ण भरणाऱ्याला ‘डेडबीट’ म्हणतात, म्हणजे बुडवा. जो वेळेवर भरतो तो बुडवा! आपल्याकडे २०२४च्या सुरुवातीला चालू क्रेडिट कार्डांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली. त्या दहा कोटींत माझा आतेभाऊही आहे.

तो बुटीबोरीला एमआयडीसीत कामाला आहे, माझ्याहून चार वर्षांनी लहान. फोन घेताना दुकानातच त्याच्या हातात कार्ड पडलं. आईने व्हॉट्सॲप स्टेटसला हॉटेलच्या खिडकीचा फोटो टाकला (मला मोबाइल ठेवायला लावणाऱ्या बाईने), त्याच रात्री त्याचा फोन.

‘दादा, मामी फाइव्ह स्टारमध्ये? फुकट म्हणे?’

‘हो, कार्डाच्या पॉइंटवर.’

‘मले बी सांग ना कोणतं कार्ड व्हय ते. माह्यावर तर काहीच नाही भेटून राहिलं.’

मी एक लिंक पाठवली असती तर त्याचा अर्ज सुरू झाला असता. मी विचारलं, सध्याच्या कार्डावर बाकी किती आहे? म्हणाला, साठेक हजार. पण टेन्शन नाही, मी दर महिन्याला मिनिमम भरतो, एकदाही चुकवलं नाही. आवाजात अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

रविवारी तो घरी आला. मी लॅपटॉप उघडला होता, पण शिकवलं बाबांनीच, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. ६०,००० वर पावणेचार टक्के, २,२५०. त्यावर जीएसटी ४०५. झाले २,६५५. तू भरलेस ३,०००. मुद्दलातून गेले किती? त्याने वजाबाकी केली. ३४५. बाबांनी पेन खाली ठेवलं नाही. म्हणाले, आता दुसरं ऐक, मिनिमम भरणाऱ्याला नव्या खरेदीवरही बिनव्याजी मुदत नसते. तू काल शंभरचं पेट्रोल भरलंस, त्याचं व्याज कालपासून सुरू.

बराच वेळ तो कागदाकडे पाहत होता. मग मला म्हणाला, ‘म्हणजे मामीचं हॉटेल म्या भरलं?’

तो हसत म्हणाला, पण आम्ही तिघं हसलो नाही. त्याचं कार्ड वेगळ्या बँकेचं आहे, त्याचे २,६५५ माझ्या खात्यात सरळ आलेले नाहीत, असं तांत्रिक उत्तर माझ्याकडे होतं. ते मी दिलं नाही. आईने आतून विचारलं, पोहे करू का? बाबा म्हणाले, तू उठू नको, मी करतो.

त्याच्यासाठी जे केलं ते कंटाळवाणं आहे. बाबांच्या सांगण्यावरून त्याने पगार जमा होतो त्या बँकेत पर्सनल लोन मागितलं, ते १५ टक्क्यांनी मिळालं, कार्डाची बाकी एकरकमी फेडली. दोन वर्षांचा हप्ता २,९०० च्या आसपास बसतो, म्हणजे आधी भरत होता त्याहून कमीच, फक्त आता तो संपणार आहे. कार्ड बंद करायचं की ठेवायचं यावर वाद झाला. बाबा म्हणत होते बंद कर. मी म्हणत होतो ठेव, लिमिट कमी करून घे. त्याने बंद केलं. पॉइंटवालं कार्ड त्याने पुन्हा मागितलेलं नाही.

मी माझं बंद केलेलं नाही. करणारही नाही. मी कार्ड परत केल्याने बुटीबोरीतल्या कोणाचं व्याज कमी होत नाही, आणि ती सकाळ मी पुन्हा विकत घेईन. पण दोन गोष्टी बदलल्यात. ऑफिसात कोणी रेफरल लिंक मागितली की मी आधी विचारतो, तू पूर्ण बिल भरतोस का? लोकांना हा प्रश्न पगार विचारल्यासारखा वाटतो, वाटू दे. दुसरी गोष्ट जरा मजेशीर आहे. माझ्या लक्षात आलं की गेली दोन वर्षं मी सुट्टीची जागा नकाशावर शोधतच नव्हतो, हॉटेलच्या ॲपवर शोधत होतो. जिथे त्यांची पाटी नाही ते गाव माझ्यासाठी नव्हतंच. चिखलदरा नाही, पचमढी नाही, तामिया नाही. नागपूरच्या माणसाने सातपुडा विसरावा यासाठी १५,००० पॉइंट ही किंमत फारच कमी झाली. आणि ते पॉइंटही त्यांचेच चलन. मार्च २०२२ पासून मॅरिअटने ठरीव तक्ता काढून टाकला, आता खोलीची पॉइंटांतली किंमत तारखेप्रमाणे वरखाली होते. आज १५,००० ला मिळणारी खोली उद्या १९,००० ला गेली तर तक्रार कुठे करणार? म्हणून साठवू नका, मिळाले की वापरा, एवढं मात्र मी या खेळातल्या नवशिक्यांना सांगतो.

या डिसेंबरात आम्ही पचमढीला जातोय. आईने ठरवलंय. चौरागडच्या पायऱ्या चढायच्या नाहीत असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, ती म्हणते, बघू. सावनेर, सौंसर, छिंदवाडा करत गाडीने जाणार. बाबांनी पेन्शनर म्हणून हॉलिडे होमचा अर्ज आणला होता. अजून मिळतं, भाडं ऐकून मी दोनदा विचारलं. आईने अर्ज पाहिला.

‘यात स्वयंपाकघर आहे,’ ती म्हणाली. ‘नसलेली खोली बघा.’

मग मी मध्य प्रदेश पर्यटनाच्या हॉटेलात तीन रात्रींचं बुकिंग केलं, नाश्त्यासकट, १३,५०० रुपये. पेमेंटच्या पानावर आल्यावर बाबा चष्मा लावून शेजारी येऊन बसले.

‘प्रवास खर्चात धरतील ना हे? दीडशेला चार?’

‘धरायला हवं. ३६० होतील.’

‘मग यूपीआय काहून करतो बे,’ ते म्हणाले. ‘बिलाची तारीख गेली ना १८?’